आज पाण्याचा वार

२१ जानेवारी, ला पोसा, क्वार्टझसाइट, ॲरिझोना

आम्ही दोघं आरव्हीत, म्हणजे राहायच्या गाडीत राहतो. सकाळी उठून आधी तिच्या टाक्या दाखवणाऱ्या पॅनेलचं बटण दाबलं. पाण्याच्या टाकीचा एकच दिवा लागला आणि ग्रे, म्हणजे अंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याच्या टाकीचे सगळे. म्हणजे आज गाडी हलवायची.

आमची पाण्याची टाकी ४० गॅलनची, साधारण दीडशे लिटर. अंघोळ, भांडी, हातपाय सगळं त्यात, आणि दोघांना आठवडाभर पुरवायचं. पिण्याचं पाणी तेवढं वेगळ्या कॅनमध्ये असतं. इथे नळाची, विजेची जोडणी नाही. सरकारी वाळवंट आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातलं. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम, आणि पूर्ण हंगामाचा परवाना मिळतो. जागांना नंबर नाहीत, आखणी नाही. पालो व्हर्डेचं एखादं झाड बघायचं, जमीन सपाट आहे ना ते पाहायचं आणि गाडी लावायची. वीज छतावरच्या सोलरवर. पाणी भरायला आणि सांडपाणी सोडायला मात्र हायवे ९५ च्या कडेच्या डम्प स्टेशनवर जावं लागतं.

निघायचं म्हणजे घरच बांधायचं. गॅसची टाकी बंद, फ्रिजचं दार अडकवलं, मसाल्याचा डबा आणि कुकर सिंकमध्ये ठेवला, चाकांखालच्या फळ्या काढल्या. तोवर हे शेजारच्या व्हॅनपाशी जाऊन दोन निळ्या कॅन घेऊन आले. त्या व्हॅनमधल्या बाई पंचाहत्तरीच्या, एकट्याच असतात, दर हिवाळ्यात मिनेसोटाहून खाली येतात. गेल्या आठवड्यात दगडावरून पाय घसरून घोटा सुजलाय. पाण्याला निघालेल्या माणसाने आजूबाजूला विचारल्याशिवाय जायचं नाही, अशी इथली रीत आहे. कुणी घालून दिलेली नाही, पण सगळे पाळतात.

जानेवारीत गावात मोठं आरव्ही प्रदर्शन भरतं, त्यामुळे डम्प स्टेशनवर रांग होती. एरवी दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, हिवाळ्यात चहूकडे गाड्याच गाड्या. पाऊण तास थांबलो. हे काम यांचं. आधी ब्लॅक, म्हणजे संडासाची टाकी सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हातमोजे वेगळे, धुवायची नळी वेगळी, आणि पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी या सगळ्यापासून लांब, तिच्या स्वतःच्या पेटीत. माझ्याकडे ती पांढरी नळी असते. नळाला लावायच्या आधी मी तोटी पुसून घेते, थोडं पाणी सोडून देते, मगच जोडते.

पहिल्या वर्षी आम्हाला यातलं काहीच येत नव्हतं. न्यूजर्सीत तीस वर्षं नळ सोडून भांडी घासायची सवय. घर विकून बाहेर पडलो आणि अशाच एका मुक्कामात तिसऱ्याच दिवशी पंप नुसता घरघरायला लागला, आणि ग्रे टाकीचं पाणी शॉवरच्या तळाशी वर आलं. मी तिथेच पायरीवर बसून रडले होते. घर विकलं ही चूक केली, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आईसारखी वागायला लागले. ठरवून नाही, हातच तसे चालायला लागले.

आमचं गाव माण तालुक्यातलं. ७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि पाणी माझ्याकडे. माणगंगेच्या कोरड्या पात्रात झिरा खणायचा. पाणी पाझरेपर्यंत उकिडवं बसून राहायचं, मग वाटीने घागर भरायची. वाटी खोल घातली की गाळ ढवळतो, म्हणून ती आडवी धरून वरचंवर टेकवायची. घागर भरायला ऊन डोक्यावर यायचं. घरी आई ते पाणी पदरातून गाळायची. अंघोळीचं पाणी गुरांच्या गोठ्यात, तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत. भांडी राखेने कोरडीच घासायची आणि वर एक तांब्या फिरवायचा.

आता मी ताटं आधी कागदाने पुसून घेते. वरण, भात, भाजी एकाच कुकरला लावते, गॅसही वाचतो. अंघोळ बादलीने, सहा-सात लिटरमध्ये. गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी येतं ते पातेल्यात धरते.

गेल्या सप्टेंबरची एक गोष्ट इथे लिहून ठेवायची राहिली होती. कॅन्ससमध्ये एका छोट्या गावाच्या कडेला मुक्काम होता. कॅम्पग्राउंडच्या कुंपणापलीकडे शेत, बुटकी ताटं आणि वर गच्च तांबडी कणसं. ज्वारीच ती, मला लांबूनच कळलं. पार्क सांभाळणारे म्हातारे गृहस्थ कचरा न्यायला आले होते, त्यांना पीक कसलं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मिलो."

मी कुंपणाला धरून उभी राहिले. मिलो! रेशनवर मिळायची ती अमेरिकेची लाल मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, रंगाने काळपट लाल, घशाखाली उतरायची नाही. ही गुरांची पेंड आहे म्हणून मोठी माणसं शिव्या द्यायची आणि तरी पोती उतरली की रांगेत उभी राहायची. मीही त्याच भाकरीवर तगले. त्या गृहस्थांना विचारून एक कणीस तोडलं आणि दहिवडीला धाकट्या भावाला फोन करून कॅमेऱ्यात दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, तीच का गं?" मी म्हटलं, "तीच." कणीस अजून डॅशबोर्डवर आहे, दाणे गळायला लागलेत.

दुपारी परत आलो तर आमच्या जागेभोवती लावलेली दगडांची ओळ तशीच होती आणि खुर्च्याही जागच्या जागी. यांनी बाईंच्या कॅन पोचवल्या. एकेकीत पाच गॅलन, म्हणजे एकोणीस किलो, त्यांना त्या पायाने उचलणं शक्यच नाही, म्हणून व्हॅनच्या मागच्या दारात टेबलावर तोटी बाहेर करून ठेवल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे मुगाची खिचडी नेली. त्यांनी डबा रिकामा परत दिला नाही, दोन संत्री घालून दिली. आमच्याकडेही शेजारचं भांडं रिकामं देत नाहीत, हे त्यांना सांगितलं तर किती खुलल्या.

ज्वारीचं पीठ संपत आलंय. फीनिक्सचं भारतीय दुकान सव्वाशे मैलांवर, तेव्हा पुढच्या आठवड्यात पाण्याच्या फेरीला जोडूनच जायला हवं. यांची बीपीची गोळीही आणायचीय.

दहा वाजले, म्हणजे शांततेची वेळ झाली. लांबचा एक जनरेटर आत्ताच बंद पडला. कोल्हे ओरडतायत, बाहेर थंडी चांगलीच पडलीय. अंघोळ उरकली. टाकीचे चारही दिवे लागतायत, तरी नळाचं गार पाणी पातेल्यात धरलंच. उद्याच्या भातापुरतं आहे.