शेजाऱ्यांच्या मुलाची उंची

मॉन्ट्रियलमधील आमच्या शेजाऱ्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाविषयी एका आइस हॉकी स्काउटने (होतकरू खेळाडू हेरणाऱ्याने) दिलेला अभिप्राय गेल्या महिन्यात माझ्या हाती आला आणि पुढचे दोन दिवस मला राग आवरला नाही. मुलगा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या बाजूचा आक्रमक, आहे, उंची पाच फूट सहा इंच, आणि अभिप्रायाचे पहिलेच वाक्य त्या उंचीविषयी होते. त्याचे स्केटिंग आणि त्याचे चपळ हात यांचा उल्लेख त्यानंतर, जणू सांत्वनादाखल आला होता.

गावसकर आणि तेंडुलकर हे दोघेही जेमतेम साडेपाच फुटांचे, मुंबईच्या निवड समितीने फूटपट्टी काढली असती तर काय झाले असते, असे मी शेजाऱ्यांना अभिमानाने ऐकवले. तेंडुलकर फटका मारत असताना नव्वद किलोचा माणूस येऊन त्याला कठड्यावर आपटत असे काय, असे त्यांनी शांतपणे विचारले. मला उत्तर सुचले नाही. (स्थळांच्या जाहिरातींत उंची आपणही आधी वाचतो, हे मी अर्थातच सांगितले नाही.)

वास्तविक हा पूर्वग्रह बाळगण्याचा अधिकार या शहराला तरी उरलेला नाही. कोल कॉफिल्ड या विंगरने 2018-19 च्या हंगामात अमेरिकेच्या अठरा वर्षांखालील संघाकडून 72 गोल केले, तरीही तो ठेंगणा असल्याची शंका अनेकांना सतावत होती आणि 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तेव्हा, इथल्याच मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला घेतले ते पंधराव्या क्रमांकावर. पुढे 2021-22 मध्ये पहिल्या 30 सामन्यांत त्याचा एकच गोल झाला. फेब्रुवारीत मार्टिन सेंट लुई प्रशिक्षक झाले आणि त्यानंतरच्या 37 सामन्यांत त्याने 22 गोल केले. सेंट लुई हे शेजारच्याच लाव्हालचे, उंचीने तसेच बेताचे. त्यांना तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते, आणि 2004 मध्ये त्यांनी टॅम्पा बेकडून खेळताना स्टॅन्ली कप (लीगचे विजेतेपद) आणि हार्ट ट्रॉफी (लीगमधील सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) या दोन्हींवर नाव कोरले.

राग ओसरल्यावर मात्र मी त्या मुलाचे चार सामने केवळ एक गोष्ट पाहण्यासाठी पाहिले. आपल्या गोलमागून डिफेन्समन (बचावपटू) बोर्डलगत, म्हणजे बर्फाभोवतीच्या कठड्यालगत, पक (रबरी चकती) पाठवतो, विंगर बोर्डाला पाठ लावून तो घ्यायला उभा असतो आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिस्पर्धी डिफेन्समन ब्लू लाइन, म्हणजे आक्रमणाच्या हद्दीची रेषा, सोडून त्याच्या अंगावर धावून येतो. उंच, भरदार विंगर कमरेचा जोर लावून पक राखू शकतो. ठेंगण्या विंगरला मात्र पक पोहोचण्याआधीच खांद्यावरून मागे पाहून, तो मधल्या सेंटरकडे टोलवायचा की पायांमधून जाऊ देऊन स्वतः वळायचे, हे ठरवावे लागते. 2005 नंतर अडवणुकीविरुद्धचे नियम कडक झाल्याने मैदानाच्या मध्यभागी लहान चणीच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली, परंतु बोर्डालगतची ती जागा जवळजवळ होती तशीच राहिली, आणि तिथे पक गमावणाऱ्या विंगरला व्यावसायिक प्रशिक्षक फार वेळ बर्फावर ठेवत नाही.

आमचा मुलगा पहिल्या सत्रात न चुकता मागे पाहतो. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात दमतो आणि पाहणे विसरतो. त्याचे बरेचसे गोलही पॉवर प्लेमधले आहेत, जेव्हा समोर एक गडी कमी असल्यामुळे भरपूर जागा मिळते. तरीही मी असतो तर त्याला ड्राफ्टच्या सातपैकी सहाव्या फेरीत नक्की घेतले असते, कारण पायांतील ताकद आणि दमसास दोन हिवाळ्यांत वाढवता येतात, तर गोलसमोरच्या गर्दीत योग्य क्षणी शिरण्याची त्याची जाण सहसा शिकवून येत नाही.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मला अभिप्रायाचे दुसरे पान दाखवले. तिथे बोर्डालगतच्या खेळाविषयी आणि तिसऱ्या सत्रातील दमणुकीविषयी जवळजवळ हेच लिहिलेले होते. मी पहिल्या पानापुढे गेलोच नव्हतो. तरी ते पहिल्या पानावर असायला हवे होते, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही.