फौजी डॉक्टरची वही : काय करायचं नाही

सोमवार

फौजी डॉक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोफांच्या आवाजात ऑपरेशन करणारा सर्जन येतो. तसे सर्जन फौजेत आहेतच. पण पलटणीबरोबर सगळ्यात पुढे जातो तो रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणजे आरएमओ. बहुतेक वेळा पंचविशीतला, एमबीबीएस आणि इंटर्नशिप उरकून नुकताच आलेला. त्याच्या एड पोस्टमध्ये, म्हणजे पलटणीच्या पहिल्या उपचाराच्या ठाण्यात, ऑपरेशनचं टेबल नसतं, रक्तपेढी नसते, एक्स-रे नसतो. दोन-चार नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर, सलाईन, ड्रेसिंगचं सामान आणि वायरलेस. इथे टिकायचं तर त्याला कुठल्या ठिकाणी काय करायचं नाही हे आधी शिकावं लागतं. कॉलेजात पाच-साडेपाच वर्षं 'काय करायचं' तेच शिकलेल्या माणसाला हे जड जातं. या आठवड्यात त्याबद्दलच लिहायचं ठरवलं आहे.

सुरुवात उंचीपासून, कारण आपल्या सैन्याचं हे दुखणं गोळीपेक्षाही नेमाचं आहे.

लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. मैदानातून विमानानं तिथे उतरलेला जवान पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतो, आणि धोका नेमका तिथेच असतो. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास, ज्याला फौजेत सगळे 'हॅपो' म्हणतात, तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डोकं वर काढतो. म्हणून ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यावर सहा दिवस ठेवायचं. पहिले दोन दिवस आराम, फार तर सपाटीवर थोडं फिरणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड ते तीन किलोमीटर संथ चाल, चढण नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि सावकाश ३०० मीटर चढ. मग १२,००० ते १५,००० च्या टप्प्यावर चार दिवस, त्याच्यावर जायचं असेल तर आणखी चार. एकूण चौदा दिवस.

हे वेळापत्रक मोडतं ते शेवटी नाही, पहिल्या दोन दिवसांत. सामान उतरवायचं असतं, तंबू ठोकायचे असतात, जवान तरुण असतात आणि नुसतं बसून राहणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आरएमओनं तिथे उभं राहून कंपनी कमांडरला 'आज नाही' असं सांगायचं असतं. वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसाला हे सांगणं सोपं नसतं, पण या नोकरीतलं पहिलं खरं वैद्यकीय काम हेच, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी फसगत सुट्टीवरून परतणाऱ्यांची. वर दोन वर्षं काढलेला जवान दीड महिना घरी, समजा साताऱ्याला, राहून आला की 'मला तर सवय आहे' म्हणत पहिल्याच दिवशी कामाला लागतो. चार आठवड्यांहून जास्त खाली राहिलं की सगळी सवय पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. दहा दिवस ते चार आठवडे असेल तर थोडक्यात, पण करावीच लागते. उंचीवरच जन्मलेल्या लडाखी माणसालाही खालून परतताना हॅपो होऊ शकतो.

हे ज्ञान आयतं मिळालेलं नाही. १९६२ नंतर हजारो जवान एकदम हिमालयाच्या उंचीवर गेले आणि लष्करी डॉक्टरांना रोज नवे रुग्ण दिसू लागले. मेनन यांनी हॅपोच्या १०१ रुग्णांचा अभ्यास १९६५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. १९६९ साली त्याच नियतकालिकात इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या उंचीच्या आजाराचा अभ्यास मांडला. जगभरचे गिर्यारोहण-डॉक्टर आजही या दोन लेखांचा आधार घेतात.

हॅपो झाल्यावर काय बिघडतं? ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळ्या सारख्या आकसत नाहीत. ज्या कमी आकसल्या त्यांच्यात रक्ताचा दाब भलता वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, निळसर ओठ, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी. पाणी दिसलं की लघवी वाढवणारं इंजेक्शन द्यायला हात शिवशिवतात, हृदयाच्या रुग्णाला देतात तसं. एके काळी ते देतही असत. आता देत नाहीत, कारण या माणसाचं हृदय धड असतं आणि त्याचं अंग आधीच कोरडं पडलेलं असतं. त्याला लागतो ऑक्सिजन, रक्तातलं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर राहील इतका, ऊब, आणि खाली उतरवणं. ऑक्सिजन अपुरा असेल तर निफेडिपिनची ३० मिलीग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी, दर बारा तासांनी.

हेलिकॉप्टर येत नसेल तर माणूस आत झोपवून चेन लावायची हवाबंद पिशवी असते. पायपंपानं आत चौरस इंचाला सुमारे दोन पौंड जादा दाब धरला की त्याचं शरीर दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखं होतं. दाब झाला म्हणून पंप थांबवायचा नाही. थांबला की आतली हवा बदलत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रुग्ण गुंगतो. म्हणून पंपावर आळीपाळीनं माणसं लावायची. आणि हेलिकॉप्टर आलं तर रुग्णानं तिथवर चालत जायचं नाही, पन्नास पावलंसुद्धा नाही. श्रमानं फुप्फुसातला दाब आणखी चढतो आणि बरा होत आलेला माणूस हेलिपॅडवर कोसळतो. स्ट्रेचरच.

मंगळवार

सियाचिन. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथे डॉक्टर आहेत.

गोठलेला पाय. नवख्याच्या मनात पहिला विचार येतो तो शेकण्याचा, पण बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या शेगडीजवळ, पाय न्यायचा नाही. त्या कातडीला जाणीवच नसते, भाजलं तरी कळत नाही. बर्फानं चोळायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढे पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर पाय वितळवायचाच नाही. गोठलेल्या पायावर माणूस चालत चौकीपर्यंत येऊ शकतो. वितळलेल्या पायावर उभंही राहता येत नाही, आणि वितळून पुन्हा गोठला तर आधी वाचू शकला असता तेवढा भागही जातो.

सुरक्षित ठिकाणी आल्यावर मग ३७ ते ३९ अंश सेल्सिअसचं पाणी. थर्मामीटर नसेल तर आपलं कोपर बुडवून पाहायचं, हातांच्या बोटांवर भरवसा नको, ती तिथे आधीच बधिर असतात. पाय भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. बर्फासारखा पाय आत गेला की पाणी भराभर थंड होतं, म्हणून गरम पाणी वरून घालत राहायचं, पण पाय बाजूला घेऊन. अर्धा तास किंवा कातडी मऊ, लालसर होईपर्यंत. यात वेदना प्रचंड होतात. वेदनाशामक आधी द्यायचं, नाहीतर जवान दहाव्या मिनिटाला पाय ओढून घेतो आणि काम अर्धवट राहतं.

पुढे बोटं काळी पडली तरी घाईनं कापायची नाहीत. कुठवर मेलं आणि कुठून जिवंत आहे ही रेघ स्पष्ट व्हायला सहा ते बारा आठवडेही लागतात. काळ्या सालीखाली कित्येकदा गुलाबी बोट निघतं. कापायची घाई करावी लागते ती फक्त जंतुसंसर्ग चढत असेल तर.

थंडीत सामानही दगा देतं. सलाईनची पिशवी गोठते, म्हणून ती कोटाच्या आत अंगाला लावून ठेवायची आणि नळीही झाकायची. बॅटऱ्या उतरतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गारठलेल्या बोटावर आकडाच दाखवत नाही किंवा खोटा दाखवतो. आधी हात उबदार करायचा, मग मोजायचं.

बुधवार

आता जखमा. कारगिलमध्ये, १९९९ ला, लढाई १४ ते १७ हजार फुटांवर होती. दिवसा उघड्या उतारावरची हालचाल वरून दिसत असे, त्यामुळे जखमीला खाली आणायला अनेकदा अंधाराची वाट पाहावी लागे. पहिल्या तासात जखमी सर्जनच्या हातात गेला पाहिजे, हे मैदानातलं गणित डोंगरात चालत नाही. सपाटीवर स्ट्रेचरला चार माणसं पुरतात. डोंगरात आठ लागतात आणि बदलीला आणखी. पलटणीचे बँडवाले लढाईत स्ट्रेचर उचलतात, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. संचलनात वाजवणारी हीच माणसं. त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पहिला उपचार डॉक्टरचा नसतोच, शेजारच्या जवानाचा असतो. हातापायातून जोरात रक्त येत असेल तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. गोळीबारात जखम नीट दिसत नसेल तर कपड्यांवरूनच, हात किंवा पाय जिथे धडाला मिळतो तिथे जवळ. रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळायचं. यात सगळ्यात मोठी चूक अर्धवट आवळण्याची. तेव्हा शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते, आणि रक्तस्राव उलट वाढतो. जवान ओरडतो म्हणून ढिला करायचा नाही. 'थोडं रक्त जाऊ दे' म्हणून अधूनमधून सोडायचा नाही. ही जुनी समजूत माणसं मारते. वेळ लिहायची, ठळक. दोन तासांच्या आत कुणीतरी जाणकारानं पाहून दाबाच्या ड्रेसिंगवर नेता आलं तर उत्तम. सहा तास उलटले असतील तर शस्त्रक्रियेच्या ठिकाणाबाहेर सोडायचाच नाही.

रक्त गोठायला मदत करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड तीन तासांच्या आतच. २०१० च्या क्रॅश-२ या वीस हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात दिसलं की लवकर दिलं तर जीव वाचतो, तीन तासांनंतर दिलं तर उलट घात होऊ शकतो. म्हणून जखम कधी झाली ती वेळ, फार तर अंदाजे, जखमीबरोबरच्या कार्डावर हवीच.

मॉर्फीनचं एक दुखणं दुसऱ्या महायुद्धापासून माहीत आहे. थंड पडलेल्या, रक्त गेलेल्या माणसाच्या स्नायूत इंजेक्शन दिलं तर ते तिथेच पडून राहतं. वेदना थांबत नाही म्हणून दुसरं देतात. मग मागच्या ठाण्यावर ऊब मिळते, रक्त चढतं, दोन्ही डोस एकदम रक्तात येतात आणि श्वास मंदावतो. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब पडलेल्या अवस्थेत, असलेल्याला स्नायूत मॉर्फीन नाही. शिरेतून, थोडं थोडं, आणि लिहून.

गोळीची जखम शिवायची नाही. शांततेतल्या इस्पितळातून आलेल्या डॉक्टरला हा नियम सगळ्यात जास्त टोचतो. वेगवान गोळी जाताना आजूबाजूचं मांस क्षणभर फाकवते आणि बरंच मारून जाते. आत माती, कपड्याचे धागे. वरून टाके घातले की आत हवा न लागणारे जंतू पोसतात आणि गॅस गँगरीन होतं. मेलेलं मांस कापून काढायचं. रंग, घट्टपणा, चिमट्यानं धरल्यावर आकसतं का, कापल्यावर रक्त येतं का, या चार गोष्टी पाहून ठरवायचं. मग जखम उघडी ठेवून वर मोकळं, फुललेलं गॉज. ठासून भरायचं नाही, ते बुचासारखं आतला स्राव कोंडतं. ताप, दुर्गंध किंवा वाढती वेदना नसेल तर वॉर्डात रोज उघडून बघायचंही नाही. चार-पाच दिवसांनी ऑपरेशन थिएटरमध्येच उघडायचं, स्वच्छ असेल तर तेव्हा शिवायचं.

आणि शत्रूचा जखमी? रांग जखमेच्या गंभीरपणावर लागते, गणवेशावर नाही. जिनिव्हा करारात तसं आहे आणि आपल्या डॉक्टरांना शिकवलंही तसंच जातं.

गुरुवार

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूची, न करण्याची नाही, करून दाखवण्याची. कोरियाच्या युद्धात भारतानं लढाऊ फौज पाठवली नाही, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठवली, १९५० च्या नोव्हेंबरात. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नाही, आघाडीजवळ उपचार करणारं वैद्यकीय युनिट. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. थोड्याच दिवसांत प्याँगयांगहून माघार सुरू झाली आणि यांच्यासाठी वाहनं नव्हती. सामान टाकून निघा असा पर्याय होता. त्यांनी सोडून दिलेलं वाफेचं इंजिन आणि डबे शोधले, बॉयलरमध्ये बादल्यांनी पाणी भरलं आणि इंजिन चालवता येणाऱ्या आपल्याच माणसांकरवी गाडी दक्षिणेला आणली. सामान नसलेली फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे फक्त जेवायला वाढलेली तोंडं, हे त्यांना कळत होतं. १९५१ च्या मार्चमध्ये मुनसानला पॅराशूटनं उडी घेतली तेव्हाही यांची शस्त्रक्रियेची तुकडी बरोबर उतरली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. युनिट १९५४ पर्यंत तिथे होतं आणि तेगूला कोरियन नागरिकांवरही उपचार करत होतं.

शुक्रवार

शांतता. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या तपासणीच्या दवाखान्यात, सकाळची रांग, वार्षिक तपासण्या, स्वयंपाकघरातल्या लोकांची नखं, मच्छरदाण्या, आणि पाणी.

पाण्यासाठी हॉरॉक्सची पेटी. विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरची ही रचना आजही शिकवतात. सहा पांढरे कप, आत खूण असलेला एक काळा कप, दोन ग्रॅमचा चमचा, ड्रॉपर, काचेच्या कांड्या. काळ्या कपात एक सपाट चमचा ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात लगदा करून खुणेपर्यंत पाणी, ढवळून निवळू द्यायचं. सहा कपांत तपासायचं पाणी. पहिल्यात त्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब, क्लोरीन उरला असेल तर पाणी निळं होतं. पहिल्यांदा स्पष्ट निळा होणारा कप तिसरा असेल तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर. पाणी प्यायला द्यायच्या आधी तासभर थांबायचं.

चुकतं कुठे? पावडरचा डबा उघडा राहून क्लोरीन उडून गेलेला असतो, आणि चाचणी एका डब्यातल्या पावडरवर करून टाकीत दुसऱ्याच डब्यातली टाकतात. मग कागदावर पाणी शुद्ध आणि आठवड्यात अर्धी कंपनी जुलाबानं आडवी.

रविवार

शेवटी पुणं. इथलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी १९४८ चं, खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. सीमेवर काय केलं आणि काय केलं नाही, याचा हिशेब इथे लागतो. पाय कापावाच लागला तर आघाडीवरच्या सर्जननं लांबी वाचवायची असते. गुडघ्याखाली १२ ते १७ सेंटीमीटर हाड उरलं तर कृत्रिम पाय चांगला बसतो. त्याहून आखूड असेल तरी गुडघा वाचवण्यासाठी धडपडायचं, कारण गुडघा गेलेल्याला तेवढंच चालायला कितीतरी जास्त श्रम पडतात. आघाडीवर जखम सुबक दिसावी म्हणून कापलेले चार सेंटीमीटर इथे कुणालाही परत देता येत नाहीत.

खडकीत काम वर्षानुवर्षांचं. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, चाकाच्या खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवायचं, रोज आरशात पाठ-कुल्ले तपासायला लावायचं. चादरीची एक सुरकुतीही जखम करते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून असेच जायबंदी झाले. पोहणं त्यांना व्यायाम म्हणून सुचवलं गेलं होतं आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी आणलं. ते झालं म्हणून कूस बदलायचं वेळापत्रक बदलत नाही. रात्रपाळीच्या नर्सिंग असिस्टंटनं ते दोन, चार आणि सहाला पाळायचंच असतं, आणि प्रत्येक वेळी तक्त्यावर सही करायची असते.