मशीन म्हणतं शून्य, स्टेअरिंग म्हणतं थरथर

चाकाचं वजन समतोल आहे का ते दाखवणाऱ्या बॅलन्सिंग मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य येतंय आणि तरीही ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी रिमचं मधलं भोक बघतो. त्या दिवशीही तेच बघायला गेलो, पण त्याआधीच दुसरं काहीतरी हाताला लागलं.

गाडी होंडाची छोटी हॅचबॅक. पंचविशीचा मुलगा आणि सोबत त्याचे वडील. चाकं नवीकोरी, सतरा इंची, काळी, कडेला चमकती पट्टी. दिसायला झकास, त्यात वाद नाही. "दादा, दोन-तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून झालं. सगळे म्हणतात, चाक ओके आहे," मुलगा म्हणाला. वडील मागून म्हणाले, "आणि मागे माणसं बसली की खर्र खर्र वाजतं, तेही सांग."

गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधी नट ढिले करायला पान्हा लावला. पहिल्याच नटाला जोर लागला नाही. दुसरा त्याहून सैल. उद्या ही मंडळी हायवेनं लांबच्या गावाला निघणार होती, हे मला नंतर कळलं.

चाक उतरवलं. रिमच्या पाठीवर मधल्या भोकाचं माप कोरलेलं होतं, ७३.१. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५६.१ मिलिमीटरचा. म्हणजे चहूबाजूंनी साडेआठ मिलिमीटरची पोकळी. एकच रिम अनेक गाड्यांना विकता यावं म्हणून बाहेरच्या कंपनीच्या अलॉय चाकाचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, आणि पोकळी भरायला हब रिंग घालतात. इथे रिंगचा पत्ताच नव्हता. बॅलन्सिंग मशीन चाकाला शंकूनं बरोबर मध्यात धरतं, त्यामुळे तिथे शून्यच येणार. गाडीवर चढल्यावर मात्र ते चाक नटांच्या भरवशावर मध्यात राहायचं.

आणि नट तर भलतेच. होंडाचे मूळ नट गोल बुडाचे असतात. बाहेरच्या बहुतेक अलॉयमध्ये नटाची बैठक शंकूची, ६० अंशांची. गोल बूड शंकूत बसवलं की ते पूर्ण टेकत नाही, फक्त एका रेघेवर टेकतं. टॉर्क पान्हा ठरलेल्या जोराला 'टक्' करतो, आपल्याला वाटतं झालं, आणि थोड्या किलोमीटरनी पकड सुटू लागते. मी एक नट बॅटरीच्या उजेडात धरला. बुडाला केसाएवढी चकचकीत रेघ होती, बाकी भाग जसाच्या तसा. "एवढ्याशा जागेवर चाक उभं होतं," मी म्हटलं. काकांनी नट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि खिशात टाकला.

मुलगा हटेना. "पण दादा, चार होल, शंभर पीसीडी. विकणाऱ्यानं गाडीचं नाव विचारूनच दिलं."

पीसीडी बरोबरच होता. नट ज्यांवर चढतात ते स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास जुळला की चाक चढतं, आणि चढलं की बसलं असं समजणारे दुकानदार काही कमी नाहीत. बाकीची तीन चाकंही उतरवली. एकाचं नटाचं भोक लांबट झालं होतं. हे चाक मी कुठल्याच गाडीला लावणार नाही, असं सांगून टाकलं. त्यामुळे नुसत्या रिंगा आणि नट बदलून भागवायचा मार्ग बंद झाला. एका अर्थी बरंच झालं, कारण खर्र खर्र त्यानं थांबणार नव्हतंच.

त्याचा हिशोब मी पुठ्ठ्यावर मांडून दाखवला. मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, ४५ मिलिमीटर. नवं रिम सात इंच, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंचानं, म्हणजे ३८ मिलिमीटरनं वाढली. १९ आत, १९ बाहेर. ऑफसेट दहानं कमी, म्हणून आख्खं चाक आणखी दहा मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड २९ मिलिमीटरनं पुढे आली. मागे माणसं बसली, सस्पेंशन दबलं की फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली दुमड टायरला लागणारच. मागच्या टायरच्या खांद्यावर गोल ओरखडा उमटलाच होता.

टायर २१५/४५ आर १७, म्हणजे २१५ मिलिमीटर रुंद, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम सतरा इंची. व्यास साधारण ६२५ मिलिमीटर. मूळ १७५/६५ आर १५ चा ६०८. म्हणजे चाक पावणेतीन टक्क्यांनी मोठं. मीटरवर शंभर दिसतात तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा तेवढ्यानं जास्त पळत असते. शिवाय वजन. डिकीतली स्टेपनी आणि नवं चाक पाळीपाळीनं काट्यावर ठेवलं, नवं चार-साडेचार किलोनं जड निघालं. छोट्या इंजिनाला आणि ब्रेकला हे चारी कोपऱ्यांत ओढायचंय. मुलगा तेव्हा पहिल्यांदा गप्प झाला.

"सतराच हवं असेल तर १९५/४५ घ्या, व्यास जवळपास मूळइतकाच येतो," मी म्हटलं. "पण मूळ टायरची साइडवॉल, म्हणजे कडेची भिंत, ११४ मिलिमीटर आहे, याची ८८. एका खड्ड्यात रिमला पोक येईल." माझं मत विचाराल तर एवढ्या गाडीला सतरा इंच फोटोपुरतेच.

शेवटी सोळावर आलो. सहा इंच रुंद, ऑफसेट ४५, टायर १८५/५५ आर १६. व्यास ६१० मिलिमीटर, आत-बाहेर दोन्हीकडे जेमतेम सहा-सहा मिलिमीटर वाढ. टायर निवडताना मात्र मी अडलो. या मापात ८३ लोड इंडेक्सचा टायर मिळतो, तो ४८७ किलो पेलतो. मूळ टायरचा आकडा ८४ होता, ५०० किलोचा. मापाच्या नादात हा आकडा खाली आलेला मला चालत नाही. ८७ चा एक्सएल, म्हणजे जास्त वजन पेलणारा, टायर घातला. त्याला हवा किती भरायची ते दाराच्या चिकटपट्टीवरून न ठरवता टायरच्या लोड तक्त्यावरून काढलं. काकांनी तेवढ्यात साइडवॉलवरचे उत्पादनाचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

रिंगा घातल्या, शंकूचे नट हातानं चढवून मग आडवे-तिरपे आवळले आणि १०८ न्यूटन मीटरवर टॉर्क दिला. काकांना मागे बसवून मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारली. शंभरला स्टेअरिंग स्थिर, फेंडर गप्प. शंभरेक किलोमीटर झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासून घ्या म्हटलं, तर मुलानं तिथेच मोबाइलवर आठवण लावली.

निघताना काकांना विचारलं, "तो खिशातला नट कुठाय?" ते जरा ओशाळले. "देऊ नका, उलट अजून तीन घेऊन जा," मी म्हटलं. "स्टेपनी जुनीच, लोखंडी आहे. तिला हे गोल बुडाचेच नट लागतात, नवे चालणार नाहीत. चारही पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा." काकांनी पिशवी मागून घेतली, वर मार्करनं 'स्टेपनीचे नट' असं लिहायला लावलं, आणि ती मुलाच्या हातात न देता स्वतः डिकीत ठेवली.