एकोणीस मिनिटं

शाळेत वीस लॅपटॉप आले आणि ते माझ्या गळ्यात पडले, कारण स्टाफरूममधला रुसलेला प्रिंटर माझंच ऐकतो. सातवीचा पट ३९. पहिलाच तास गणिताचा, ४० मिनिटांचा. फळ्यावरचं घड्याळ समोरच होतं: शेवटच्या मशीनवर स्क्रॅच (सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर चालवायचं, त्याच्याकडून रेघा काढून घ्यायच्या, असं मुलांचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत १९ मिनिटं गेली होती. पुढचे दोन महिने गणितापेक्षा ही मिनिटं कुठे गळतात तेच मी शोधत होते.

मोठी गळती चार्जिंगची. अडॅप्टर ६५ वॅटचे, म्हणजे वीस मिळून १३०० वॅट, आणि ते सगळे मी एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावायला निघाले होते. शिपाईकाकांनी वेळीच हात धरला. मग पाच-पाचच्या तुकड्या केल्या, तेही कपाटाची दारं उघडी ठेवून, कारण चार्ज होताना मशीन तापतात. शाळेच्या लांब सुट्टीत मात्र मी लॅपटॉप चार्ज न करताच ठेवून दिले आणि दोन बॅटऱ्या परत उठल्याच नाहीत. लिथियमची बॅटरी बरेच दिवस ठेवायची तर साधारण निम्मी भरून ठेवावी, हे मला तेव्हा कळलं.

एका मशीनवर एकही वेबसाइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘सुरक्षित नाही’. आठवडाभर मी वायफायला दोष दिला. खरं तर आतला बटणाएवढा सेल संपला होता, त्यामुळे मशीनची तारीख कैक वर्षं मागे गेली होती. वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीन स्वतःच्याच तारखेवरून तपासतं, मग ते नाही म्हणणारच. सेल बदलायला पाच मिनिटं लागली.

वायफाय अगदीच निर्दोष होतं असंही नाही. वीस मशीन एकदम अपडेट ओढू लागली की सगळंच ठप्प. अपडेट शाळा सुटल्यावर, आणि स्क्रॅच प्रत्येक मशीनवरच बसवलेलं, असं केल्यावर तासाला इंटरनेट लागेनासंच झालं. एका जुन्या कॉम्प्युटरवर कोलिब्री हे इंटरनेटशिवाय चालणारं धड्यांचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यातले धडे शाळेच्या आतल्या नेटवर्कवरच चालतात.

राहिली मुलं. मी बोलताना झाकण पूर्ण मिटायला लावलं तर मशीन झोपतं आणि पुन्हा पासवर्ड मागतं. म्हणून ‘झाकण अर्धं!’ एवढाच हुकूम ठेवला. जोडीत एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. एका त्रिकुटात रोज भांडण व्हायचं; त्यावर माझ्याकडे आजही उपाय नाही.

याच सुमाराला पेरूबद्दल वाचलं. तिथल्या ग्रामीण शाळांमध्ये मुलांना लॅपटॉप वाटले होते. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली नव्हती. वाईट वाटलं, आश्चर्य नाही.

मग एकदाचा त्रिकोणाचा तास झाला. ‘१०० पावलं पुढे, ६० अंश वळ’ हे मांजराकडून तीनदा करवून घ्या म्हटलं, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे सगळ्यांना पाठ. पडद्यावर त्रिकोण नाहीच, उघडं पडलेलं भांडं! ‘मशीन बिघडलंय,’ मागच्या बाकावरून. मी एका मुलाला वर्गातल्या मोकळ्या जागेत त्रिकोण चालायला लावलं. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी केलेल्या लोगो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं कासव असंच चालतं, आणि ती भाषा १९६७ सालची! कोपऱ्यावर तो थांबला, वळला आणि ओरडला, ‘बाई, मी आतला कोन वळतच नाहीये, बाहेरचा वळतोय!’ १२० घातले, त्रिकोण मिटला. तोवर दुसऱ्या एका जोडीने ६० तसाच ठेवून तीनाचे सहा केले होते आणि षटकोन मिळाल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होती. फळ्यावर हा फरक मी किती वर्षं खडूने काढत आलेय.

त्या दिवशी सुरुवातीला चारच मिनिटं गेली होती. तास संपता संपता एकीने ३६० वेळा १ अंश वळवून बघितलं. १०० पावलांनी मांजर पडद्याच्या कडेला जाऊन अडकलं. मग तिने एकेक पाऊल टाकलं आणि गोल पडद्यात मावला. ‘बाई, हे वर्तुळ म्हणायचं की ३६० बाजूंची आकृती?’

घंटा झाली होती. ‘झाकण अर्धं’ म्हटलं, तर कुणीच ऐकेना.