ईडीआय: सॉफ्टवेअर घ्यायचं की काम बाहेर द्यायचं?

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मशीनचे सुटे भाग बनतात. डिस्पॅच माझ्याकडे. अमेरिकेतल्या गिऱ्हाईकानं कळवलं, यापुढे पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, ईमेलनं येणार नाही, ईडीआयनंच येईल; म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरून थेट आमच्या कॉम्प्युटरवर, ठरलेल्या साच्यात. यात प्रत्येक कागदाला नंबर असतो: ऑर्डर म्हणजे ८५०, माल निघाल्याची सूचना ८५६, बिल ८१०. सगळं एक्स-१२ नावाच्या साच्यात, एएस-२ वरून, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षित पाठवायच्या पद्धतीनं.

शेठजींचं मत सॉफ्टवेअर विकत घेण्याचं. "एकदाच पैसे जातील, दर कागदामागे कोण देत बसेल?" मलाही पटलं. महिनाभर चाचणी घेतली.

मॅपिंग, म्हणजे त्यांच्या साच्यातला कोणता रकाना आमच्या कुठल्या रकान्याशी जुळतो ते बसवणं, जमलं. अडलं भलतीकडेच. त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. एका रात्री एएस-२ साठी लागणाऱ्या आमच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ऑर्डरी यायच्या थांबल्या. कळलं सकाळी ऑफिस उघडल्यावर. चाचणीच्या ऑर्डरी होत्या म्हणून निभावलं. सर्व्हर, फायरवॉल बघणारा आमच्याकडे एकच मुलगा, तो महालक्ष्म्यांना गावी गेला की मागे कोणी नाही. हे पाहिल्यावर मीच शेठजींना म्हटलं, काम बाहेर देऊ.

दोन कोटेशन आले. एकाचा दर हजार अक्षरांमागे. स्वस्त वाटला, पण ८५६ मध्ये प्रत्येक पेटीची वेगळी नोंद असते, एसएससीसी या पेटीच्या १८ अंकी ओळख नंबरासकट. एका खऱ्या डिस्पॅचची पॅकिंग लिस्ट घेऊन अक्षरं मोजली, तेव्हा ८५०पेक्षा ८५६ कितीतरी मोठा निघाला. दुसऱ्याचे महिन्याचे ठरलेले पैसे, मॅपिंग बदललं तर वेगळे. तोच घेतला. मॅपिंगची प्रत आमच्याकडे राहील आणि ९९७, म्हणजे कागद मिळाल्याची समोरून येणारी पोच, वेळेत आला नाही तर माझा फोन वाजेल, हे करारात लिहून घेतलं.

९९७ आला म्हणजे कागद मान्य झाला, असं मी आधी समजत होतो. तसं नाही. तो फक्त साचा बरोबर असल्याचं सांगतो; आत आयटम कोड चुकीचा असला तरी ९९७ बिनबोभाट येतो. आमचा फोरमन एकदा सांगत आला, "भाऊ, ड्रॉइंगचं रेव्हिजन बदललं, कागदावर मात्र जुनाच कोड हाय." सेवा देणाऱ्याला हे कळणार तरी कसं? म्हणून त्यांचा कोड आणि आमचा कोड जुळवणारा तक्ता बाहेर दिला नाही. दर शनिवारी फोरमन आणि मी तो ओळीनं वाचतो.