काळे काहीच नव्हते

२०२१ च्या जूनचा पहिला आठवडा होता. मासेमारी बंदी लागली होती, देवगडच्या किनाऱ्यावर होड्या झापांनी शाकारल्या होत्या आणि करोनातून उठलेली माणसे काळ्या बुरशीच्या धास्तीने माझ्या दवाखान्यात येत होती. त्या सकाळी एका काकूंनी कांद्याच्या सालीवरचा काळा थर पिशवीतून दाखवायला आणला, कारण त्यातूनच हा रोग होतो असा संदेश मोबाईलवर फिरत होता. कांद्यावरची बुरशी निराळी, हे समजावून मी त्यांना घरी पाठवले.

त्यानंतर साठीचे एक खलाशी पत्नीसह आले. मधुमेह जुना होता आणि करोनात स्टिरॉइड द्यावे लागले होते. आठ दिवस उजवी वरची दाढ दुखत होती, तरी ते थांबले होते. ‘डॉक्टरानू, काळा खंयच नाय,’ असे म्हणून त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. रोज सकाळी आरशात ते तेच पाहत होते. मी कापसाचा बोळा डाव्या गालावरून फिरवला, तेव्हा त्यांनी मान हलवली. उजव्या गालावरून फिरवला, तेव्हा ते ‘लावा ना’ म्हणाले. उजवी पापणी जराशी सुजली होती आणि रक्तातील साखर ३८० होती.

या आजाराची, म्हणजे म्युकरमायकोसिसची, बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे रक्त गोठते आणि रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. म्हणजे काळे दिसेपर्यंत थांबणारा माणूस नेमका हाताशी असलेला वेळ घालवतो. रंगावरून नाव घेऊ नका, असे एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया २४ मे रोजीच म्हणाले होते, पण मथळ्यांत तोवर ‘काळी बुरशी’च रुजली होती.

वहिनींनी औषधांच्या पिशवीतून एक कात्रण काढले. वर लाल मथळा आणि काळवंडलेल्या डोळ्याचे मोठे छायाचित्र होते. गाल बधिर होणे, एका बाजूचे नाक चोंदणे, दात हलणे ही लक्षणे शेवटच्या परिच्छेदात, बरोबर घडीवर आली होती आणि तिथली शाई पुसली होती. ते वाचून त्यांनी नवऱ्याचे ताट-तांब्या वेगळे केले होते, वास्तविक हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. सगळा दोष मी बातमीदारांवर टाकणार नाही. रुग्णालयातून घरी सोडताना साखर सांभाळा आणि गालाकडे लक्ष ठेवा, एवढे आम्ही डॉक्टरांनी सांगायला हवे होते.

दुपारी भर पावसात घाट चढून ते कोल्हापूरला पोहोचले. वरच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला, पण डोळा वाचला.

त्याच संध्याकाळी मी ओळखीच्या स्थानिक वार्ताहराला फोन करून छायाचित्राशिवाय फक्त लक्षणांची चौकट छापण्याची विनंती केली आणि तिसऱ्या दिवशी ती आली. पुढच्याच आठवड्यात एक मधुमेही बाई गालावर हात ठेवून आल्या. कापसाचा स्पर्श त्यांना दोन्हीकडे नीट कळत होता. दाढ तेवढी किडली होती.