रुळांच्या अलीकडचं घर

होळीनंतरच्या रविवारी घरमालक काका वर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोराचं लग्न जुळलं जी. मे संपेपर्यंत तुम्ही दुसरीकडे पाहून घ्या." नागपूरच्या नंदनवनातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही ६ वर्षं किरायाने राहिलो. लेक तिथेच चालायला शिकली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवरा मात्र शांतपणे म्हणाला, "हे घर आपण जुन्या नोकऱ्यांसाठी घेतलं होतं. नोकऱ्या कधीच बदलल्या, घर तेवढं राहून गेलं."

खरं होतं ते. आलो तेव्हा मी गांधीबागेत एका ठोक कापड दुकानाचे हिशेब बघायची आणि तो भंडारा रोडवर कामाला होता. दोघांनाही नंदनवन हाकेच्या अंतरावर. आता मी मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि तो हिंगणा एमआयडीसीत मशीनवर, एक आठवडा सकाळी ७ ते ३, दुसऱ्या आठवड्यात ३ ते ११. मिहान शहराच्या दक्षिणेला, हिंगणा पश्चिमेला आणि आम्ही पूर्वेला. दोघांनाही रोज एका बाजूने १६-१७ किलोमीटर. माझ्या एकटीच्या स्कूटीला महिन्याला १,८०० ते १,९०० रुपयांचं पेट्रोल लागायचं. पेट्रोलचं तरी गणित मांडता येतं. ऑफिसला पोचेपर्यंत खांदे आखडून गेलेले असायचे, त्याचं कुठे मांडायचं?

घर शोधायला लागण्याआधी मी एक काम केलं, आणि हे मी सगळ्यांना सांगते. मार्च महिन्यातले माझे सगळे लेटमार्क काढले आणि प्रत्येक दिवशी उशीर कुठे झाला ते आठवून वहीत लिहिलं. उशीर ७ वेळा झाला होता. त्यातले ६ एकाच जागचे होते. मानेवाड्याकडून रिंग रोडने येऊन नरेंद्रनगरजवळ रेल्वेलाईन ओलांडायची आणि छत्रपती चौकात निघायचं, त्या एवढ्याशा तुकड्यात मी अडकत होते. बाकीचे १४-१५ किलोमीटर ठीकच जात होते. पावसाळ्यात तर रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की रस्ताच बंद, मग उलटं फिरून अजनी पुलावरून या.

वही बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. आपण नागपूरकर अभिमानाने सांगतो की दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई या दोन्ही मोठ्या लाईन आपल्या गावात एकमेकींना छेदतात. पण त्याचाच अर्थ असा की गावाचे तुकडे पडलेत, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला मोजक्याच जागा आहेत. वर्ध्याकडे जाणारी लाईन तर वर्धा रोडला जवळपास समांतर धावते. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, मानेवाडा सगळं तिच्या पूर्वेला. मिहानचा रस्ता, मेट्रो, विमानतळ पश्चिमेला. सगळ्या पूर्व भागाला सकाळी ९ च्या आत या दोन-चार जागांतूनच पलीकडे यायचं असतं.

म्हणून किलोमीटरकडे मी दुसऱ्या नंबरवर बघायचं ठरवलं. पहिला प्रश्न हा, की रोज रूळ ओलांडावे लागतील का?

दुसरी गोष्ट सासूबाईंनी सुचवली. त्या ६८ वर्षांच्या आहेत, साखर आणि बीपी दोन्ही आहे, महिन्यातून एकदा मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषधं. मी म्हटलं, मेडिकल दूर पडायला नको. तर त्या म्हणाल्या, "माझं महिन्यातून एकदा हाय बाई. तुमचं रोजचं हाय. रोजचं आधी पाह्य." मग आम्ही वहीत तीन रकाने पाडले, रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं. रोजच्यात माझं मिहान, नवऱ्याचं हिंगणा आणि लेकीची शाळा, ती पहिलीत जाणार होती. शाळेत तिला सासूबाई सोडणार, म्हणजे ती त्यांच्या पायांना झेपेल एवढ्याच अंतरावर हवी. आठवड्याच्या रकान्यात माझी आई, महालात. महिन्याच्यात मेडिकल. घर शोधणारे बहुतेक लोक हे सगळं एकाच तागडीत तोलतात आणि मग कुणी कुणाचं ऐकायचं यावरून भांडणं होतात. आमच्याकडेही झाली असती.

घरं बघायची म्हणजे मे महिना. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायच्या आत आटपायचं म्हणून सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ नंतर फिरलो. दलालाला मी आधीच सांगून ठेवलं होतं की घर पसंत पडलं तरी टोकन लगेच देणार नाही. आधी एका कामाच्या दिवशी सकाळी त्या गेटपासून निघून ऑफिस गाठून पाहीन, मग बोलू. तो म्हणाला, "ताई, तोपर्यंत घर जाऊन राहिलं तर?" म्हटलं, जाऊ द्या.

पहिलं पाहिलं बेस्यात. तिसरा माळा, दोन बेडरूम, मोठी गॅलरी, किराया ११,००० रुपये. एवढं मोठं घर एवढ्या पैशात वर्धा रोडच्या पश्चिमेला मिळत नाही. लेकीने गॅलरीत उभं राहून स्वतःची जागाही ठरवून टाकली. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. सोमवारी सकाळी ८ ला मी स्कूटीवर त्या बिल्डिंगच्या गेटपासून निघाले. बेसा चौकापर्यंत छान. मनीषनगरात शिरले आणि गर्दी घट्ट होत गेली. तिथलं जुनं फाटक आता कुणाला आठवतही नसेल, उड्डाणपूल झाला, भुयारी रस्ताही झाला, पण तोंडापाशी गाड्यांची रांग तशीच. माझ्यापुढे एक बाई होती, मागे दोन पोरं, दोघांच्या पाठीला दप्तरं, समोर पायाशी डबे. ती दर दोन मिनिटांनी हात वर करून घड्याळ बघत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. वर्धा रोडला लागले तेव्हा ८ वाजून ३४ मिनिटं झाली होती आणि कंपनीची बस खापरी मेट्रो स्टेशनवरून ८:४० ला सुटते. बेसा वहीतून काढून टाकलं. लेक दोन दिवस रुसली होती.

आता मेट्रोचं. ऑरेंज लाईन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि अॅक्वा लाईन प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. दोन्ही मार्ग डिसेंबर २०२२ पासून पूर्ण चालू आहेत. माझं टोक खापरी, नवऱ्याचं लोकमान्यनगर. कागदावर पाहिलं तर सीताबर्डीच्या आसपास घर घेणं सगळ्यात सोपं, दोघंही आपापल्या लाईनने जातील. पण नवऱ्याची दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते, आणि मेट्रो तर १० च्या सुमारासच झोपते. महिन्यातले दोन आठवडे त्याला मोटरसायकल काढावीच लागणार. म्हणजे मेट्रो माझ्या कामाची, त्याला रस्ता हवा. हे कळल्यावर आमचा शोध एकदम अर्ध्यावर आला.

तरीही अॅक्वा लाईनच्या बाजूला एक घर पाहिलं, कार्पोरेशन कॉलनीच्या भागात, तळमजला. जागा सुंदर, समोर कडुनिंब, स्टेशन चालत. आतल्या खोलीचा रंग नवा कोरा होता, पण कपाटाच्या मागे भिंतीवर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, एक मळकट आडवी रेघ राहून गेली होती. मी बोट लावून विचारलं. घरमालक म्हणाले, ओल आहे थोडी. मी नागपूरची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी या वस्त्यांमधल्या घराघरांत शिरलं, ते कोण विसरेल? माझ्या मैत्रिणीच्या लग्नातल्या साड्या तेव्हा चिखलातून काढून आम्ही चार दिवस धूत होतो. मला राग पाण्याचा आला नाही, त्या नव्या रंगाचा आला. सासूबाई घरी एकट्या असतात. आम्ही तिथे बसलोही नाही. नदीकाठच्या भागात तळमजला घेणार असाल तर कपाटामागे नक्की बघा, आणि घरमालकाला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा.

त्रिमूर्तीनगरात दोन घरं बघितली. नवऱ्याला अगदी मधोमध पडत होती, पण मला मेट्रोपर्यंत रोज दोनदा ऑटो. नाही जमलं.

देवनगरचं घर आम्हाला दलालाने दाखवलं नाही. आम्ही छत्रपती चौकातून चालत चालत खामल्याकडे निघालो होतो, एका गेटवर पुठ्ठ्याला लटकवलेला हाताने लिहिलेला टू-लेट दिसला. पहिला माळा, एक बेडरूम, हॉल, किचन, १४,५०० रुपये. बेस्याच्या निम्मीच जागा. घरमालकीण काकूंनी आधी माठातलं पाणी दिलं, वाळा घातलेलं, मग घर दाखवलं. मी खिडक्या बघितल्या. कूलर कुठे बसेल, त्यात पाणी भरायला नळ जवळ आहे का, हे बघितल्याशिवाय उन्हाळ्यात घर पसंत करू नये. होता, खिडकीला लागूनच.

मग मी तो प्रश्न विचारला ज्यावर याआधी आणखी तीन घरांचं बोलणं तुटलं होतं. "काकू, गेट किती वाजता लागतं?"

"दहाला कुलूप लावते जी मी. काऊन?"

सांगितलं, नवरा दोन आठवडे रात्री पावणेबाराला येतो. काकू गप्प झाल्या. त्या तीन घरांमध्ये इथेच "आमच्याकडे नाही चालत" आलं होतं. एकाने तर पाळीची नोकरी म्हटल्यावर दारातूनच वळवलं, जसा काही माझा माणूस रात्री चोरी करून येतो. काकूंनी मात्र विचारलं, "गाडी बंद करून आत आणतील का? माझी झोप लई सावध हाय." नवरा म्हणाला, "कोपऱ्यापासूनच बंद करून ढकलत आणीन." काकू उठल्या, देवघराच्या फडताळातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक सोडवून त्याच्या हातात दिली. टोकन द्यायचं तर बाजूलाच राहिलं, अजून किरायाचंही बोलणं झालं नव्हतं.

तरी नियम तो नियम. बुधवारी सकाळी मी नंदनवनातून येऊन देवनगरच्या गेटपाशी स्कूटी लावली आणि डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप सगळं खांद्याला घेऊन चालत निघाले. रिकाम्या हाताने चालून बघण्यात अर्थ नाही. स्टेशनपर्यंत ११ मिनिटं लागली. त्यातली ७ झाडांच्या सावलीत, शेवटची ४ पूर्ण उन्हात. याच चौकातला जुना उड्डाणपूल २०१६ साली मेट्रोसाठी पाडला, तेव्हा आम्ही बघायला आलो होतो. आता खाली रस्ता, मध्ये दुसरा उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. खालच्या वर्धा रोडवर हॉर्न वाजत होते आणि मी वर बसून डब्यातली संत्र्याची फोड खात होते. खापरीला उतरले तेव्हा कंपनीची बस सुटायला ९ मिनिटं होती. ती ९ मिनिटं मी स्टेशनच्या बाकड्यावर नुसती बसून राहिले. कितीतरी वर्षांनी सकाळी काही न करता बसले असेन.

नवऱ्याने त्याची तपासणी रात्री केली. पाळी सुटल्यावर हिंगणा टी-पॉइंटवरून रिंग रोडने त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, खामला. रूळ कुठे ओलांडायचे नाहीत, रस्ता उजेडाचा, चहाच्या एक-दोन टपऱ्या त्या वेळीही उघड्या. २० मिनिटांत पोचला.

किराया पूर्वीपेक्षा ४,००० रुपयांनी वाढला. माझ्या पेट्रोलमधून मेट्रोचं तिकीट वजा जाता थोडे वाचतात, त्याचेही थोडे वाचतात, पण सगळी भरपाई होत नाही. दर महिन्याला खिशातून जास्तच जातात. आम्ही त्यासाठी एका रिकरिंगचा हप्ता कमी केला. जागा लहान म्हणून सासूबाईंचा जुना लाकडी पलंग माझ्या आईकडे ठेवावा लागला. तो त्यांच्या लग्नातला आहे. त्याचं मला अजून लागून राहिलं आहे.

शाळा ६ मिनिटांवर आहे. लेक आजीचं बोट धरून जाते आणि येताना रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारते, असं सासूबाई सांगतात. आईकडे महालात जायला शनिवारी मेट्रोने सीताबर्डी आणि पुढे ऑटो.

मेडिकलची तारीख महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकते, सासूबाई सकाळीच फाईल, रिपोर्ट आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून तयार असतात आणि आम्ही ऑटोने अजनी पुलावरून जातो. ब्रिटिशांच्या काळातला अरुंद पूल, वर गर्दी, ऑटो मुंगीच्या पावलांनी सरकतो. मागच्या वेळी पुलाच्या बरोबर मधोमध थांबलो होतो, तेव्हा खालून एक लांबलचक मालगाडी गेली. सासूबाईंनी डबे मोजले, ५८ भरले.